माझा वही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिन्यापूर्वी संयोजकांचा फोन आला. ‘जेवणाआधी वीस मिनिटं बोल. विषय हलकाफुलका घे, विनोदावर बोल.’ मी म्हटलं, ‘अरे, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि रात्री झोपताना स्वतःच्या आठवतात. माझा विनोदाशी काय संबंध?’ तर म्हणाले, ‘असं कसं? नववीच्या गॅदरिंगला तू नकला केल्या होत्यास. अजून सगळ्यांना आठवतंय.’

मलाही आठवतंय. त्या नकलांसाठीच आज इथं उभी राहिले आहे. पण तिथं पोचायला थोडा वळसा घालणार आहे, तेवढी सवलत द्या.

आपल्या इचलकरंजीत वीज गेलेली डोळ्यांच्या आधी कानांना कळायची. चारही बाजूंनी मागांचा खडखडाट असायचा, तो एकदम थांबायचा. एवढी शांतता व्हायची की बाहेरच्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तर ती वर्गात ऐकू यायची. अशाच एका दुपारी वीज गेलेली, पंखा बंद, आणि इतिहासाचे सर तहाचं साल सांगता सांगता विसरले. छताकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, ‘रुकावट के लिए खेद है.’ वर्ग जो हसला! सर आधी रागावले आणि मग तोंडाला डस्टर लावून स्वतःच हसायला लागले. बोलणारा आज समोर दुसऱ्या रांगेत बसला आहे. आता बँकेत मोठा अधिकारी आहे, म्हणून नाव घेत नाही.

गेल्या दिवाळीत हा प्रसंग मी मुलीला रंगवून सांगितला. ती अकरावीत आहे. तिनं विचारलं, ‘टीव्ही सॉरी कशाला म्हणायचा?’ मग मी तिला दूरदर्शन समजावलं. एकच चॅनेल, मध्येच बंद पडणारं प्रक्षेपण, पडद्यावर येणारी ती पाटी, आणि पाटी जाईपर्यंत पाटीकडेच बघत बसलेली अख्खी गल्ली. पंधरा मिनिटं गेली. शेवटी ती म्हणाली, ‘म्हणजे बफरिंग.’ मी म्हटलं, ‘हो, तसंच.’ ती म्हणाली, ‘मग त्यात हसण्यासारखं काय आहे?’

उत्तर मला देता आलं नाही, पण विचार सुरू झाला. आमच्या धंद्यात मोठी फाईल दाबून लहान करतात, तिला झिप म्हणतात. उघडणाऱ्याकडे ती सोडवायची सोय असेल तरच तिचा उपयोग. विनोद मला तसा वाटतो. चार शब्दांत सगळा काळ दाबून बसवलेला असतो. ऐकणाऱ्याकडे तो काळ असला तर ते शब्द क्षणात उलगडतात. नसला तर पंधरा मिनिटं समजावूनही उपयोग होत नाही. आपल्या लहानपणी चॅनेल एकच होतं, म्हणून एकाच विनोदाला सगळा वर्ग, सर आणि बाहेर उभा असलेला शिपाईसुद्धा हसू शकला. आज आमच्या घरात चौघं चार फोनवर चार वेगळ्या गोष्टींना हसत असतात. हसणं कमी झालेलं नाही, पण एकमेकांकडे बघून हसणं कमी झालं आहे.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी प्रयोगशाळेत बसण्याऐवजी बाजारात, रस्त्यावर लोकांची बोलणी ऐकून हसण्याची नोंद केली. त्यांना दिसलं की गप्पांमधलं बहुतेक हसणं विनोदावर नसतंच. ‘बरं, भेटू मग’ असल्या साध्या वाक्यांवर माणसं हसतात. आणि एकट्यानं असण्यापेक्षा चारचौघांत माणूस तीसेक पट जास्त हसतो. म्हणजे हसणं हे आधी ‘मी तुमच्यातला आहे’ असं सांगणं असतं. आज सकाळपासून आपण जे हसतोय ते बघा. ‘अरे, तुझे केस कुठं गेले?’ यात विनोद किती आणि तीस वर्षांनी भेटल्याचा आनंद किती?

पण ‘मी तुमच्यातला’ म्हटलं की कुणीतरी ‘तुमच्यातला नाही’ असाही होतो. तिकडं वळते आहे.

आठवीत मी आपटे वाचन मंदिरातून चिं. वि. जोशींचा चिमणराव आणला होता. जोशी बडोद्याला होते, पाली भाषेचे गाढे अभ्यासक. असा माणूस एक भित्रा, सरळ, सतत फजिती होणारा कारकून उभा करतो आणि त्याची गोष्ट त्याच्याच तोंडून सांगतो. चिमणराव स्वतःच्या फजितीवर आपल्याला हसवतो, म्हणून नव्वदेक वर्षांनीही त्याचं हसू आंबट झालेलं नाही. त्याच सुमाराची, १९२५ ची, अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ मला तेव्हा निम्मी कळलीच नाहीत, कारण ज्या कवींची ती विडंबनं होती ते कवीच मी वाचले नव्हते. त्याच्याही आधी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्याकडून त्यांनी जुन्या रूढींची टोपी उडवली. त्यातल्या काही रूढी आज नावानंसुद्धा ठाऊक नाहीत, तिथं आपण हसत नाही. ज्या अजून आपल्या घरात टिकून आहेत, तिथं मात्र दचकून हसतो.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. मला वाटलं होतं, मुलीला तोही जुना वाटेल. तर ती खाली पडून हसली. का? तिची मोठी मामेबहीण पुण्यात नोकरीला लागली आणि तीन महिने तिला खोली मिळत नव्हती, एकट्या मुलीला द्यायची नाही म्हणून. लग्न झालेल्यांनाच जागा देणारी घरमालकीण आणि जागेसाठी साडी नेसणारे दोन तरुण तिला लगेच कळले. प्रक्षेपणाची अडचण गेली, म्हणून आपला ‘रुकावट’चा विनोद मेला. घरांची अडचण राहिली, म्हणून तो सिनेमा जिवंत आहे. कुठल्याही काळातले विनोद गोळा केले तर त्या काळाला काय कमी होतं याची यादी तयार होते. रॉकेल, टेलिफोन, गॅसचा नंबर, भाड्याची खोली.

या यादीला एक दुसरी बाजू आहे, तिच्याकडे आपण सहसा बघत नाही. त्या काळी कुणावर फुकटात हसता येत होतं, तेही विनोदातून कळतं. आपल्या वर्गाचीच आठवण काढा. कोण अडखळत बोलायचं, कोण काळं होतं, कोण जाड होतं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, कुणाच्या आडनावावरून काय म्हटलं जायचं. आपण वाईट मुलं नव्हतो. सगळ्या गावात तेच चलन चालायचं, आपल्याही खिशात तेच होतं.

तर नववीचं गॅदरिंग.

आपल्या वर्गात एक मुलगा होता. घरी कानडी बोलायचे. वडील मागावर, आई कांड्या भरायची. मराठी तो शाळेत येऊन शिकला. आठवीच्या पहिल्या महिन्यात सरांनी गृहपाठ मागितला तेव्हा तो उठून म्हणाला, ‘सर, माझा वही घरात राहिला.’ वर्ग हसला. सरांनी दुरुस्त केलं, ‘माझी वही राहिली.’ त्यानं बरोबर म्हणून दाखवलं आणि बसला. खरं तर तिथं ते संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाटकात विचारलं, ‘काय, वही आला का?’ आणि त्याचं नावच ‘वही’ पडलं. ज्यांना आता आठवलं, त्यांनी कृपा करून मान वळवून शोधू नका. मी पुढं काय सांगते ते ऐका.

गॅदरिंगला मी ‘शाळेचा एक दिवस’ नावानं नकला केल्या. मुख्याध्यापकांची केली, संस्कृतच्या बाईंची केली, शिपाईमामांची केली. आणि शेवटी, सगळ्यात जास्त हशा कुठं येणार हे ठाऊक असल्यामुळे, ‘माझा वही’ केला. एका वाक्यावर भागलं नाही. डबा, भाकरी, सायकल, मास्तर, सगळ्यांचं लिंग बदलून टाकलं. मंडप कोसळायचा बाकी राहिला. मला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. तो आईनं कितीतरी वर्षं मीठ ठेवायला वापरला.

संस्कृतच्या बाई, तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात मला म्हणालात, ‘माझी नक्कल बरी केलीस, पण माझा उच्चार तुझ्यापेक्षा शुद्ध आहे.’ सगळे हसले आणि हिशेब मिटला. तुमच्या हातात खडू होता, तुम्हाला उत्तर देता येत होतं. त्याच्या हातात काय होतं? ज्या भाषेत त्याला उत्तर द्यायचं होतं, तिच्यावरच तर आम्ही हसत होतो. त्यानंतर दोन वर्षांत तो वर्गात आपणहून उठून बोललेला मला आठवत नाही. हजेरीला ‘उपस्थित’ एवढंच. त्या शब्दात लिंग चुकायची भीती नाही.

हे मला तेव्हा कळलं असं मुळीच नाही. कळलं चार वर्षांनी, पुण्यात. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, वसतिगृहात पहिल्या संध्याकाळी मुलींनी विचारलं, ‘तू कधी आलीस?’ मी म्हटलं, ‘मी सकाळीच आलो की.’ खोलीत हशा. ‘आलो? तू मुलगा आहेस का?’ आपल्याकडं आई, आजी, मावशी सगळ्या ‘आलो, गेलो, जेवलो’ म्हणतात, त्यात काही चूक आहे हे मला अठराव्या वर्षी समजलं. मग आठवडाभर मुली दारात दिसल्या की विचारायच्या, ‘काय, जेवलास का?’ मी पण हसायची. रात्री पांघरुणात ‘आले, गेले, जेवले’ म्हणून घोकायची. महिन्यानं एसटीडी बूथवरून घरी फोन केला आणि म्हटलं, ‘आई, मी परीक्षा देऊन आले.’ तिकडून आई हसायला लागली, ‘अगंबाई, पुण्याची झालीस की!’ त्या बूथमध्ये काचेला टेकून उभी असताना मला ‘माझा वही’ आठवलं. तो एका लिंगासाठी हसला गेला होता, मी पण एका लिंगासाठीच. फरक एवढाच की मला आठवड्यात सुटका मिळाली. त्याला आपण तीन वर्षं त्याच नावानं हाक मारली.

आता तुम्ही म्हणाल, मग बोलीवर हसायचंच नाही का? आपल्या शेजारच्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, माडगूळकर आणि मिरासदार या तिघांनी कथाकथनातून गावरान बोलीत महाराष्ट्राला पोट दुखेपर्यंत हसवलं. पण ते गावात उभे राहून गावची गोष्ट सांगत होते. त्यांच्या गोष्टीतला इरसाल माणूस ऐकणाऱ्यापेक्षा हुशार असतो, शेवटी फजिती आपली होते. मी माझ्या नकलेत त्या मुलाला बोलायला तोंड दिलं, पण डोकं दिलं नाही. तो काय म्हणतोय हे कुणी ऐकलंच नाही, कसं म्हणतोय तेवढंच ऐकलं.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित उत्तम माणसांचं, विहसित आणि उपहसित मधल्यांचं, अपहसित आणि अतिहसित अधमांचं. बाई, चुकलं तर दुरुस्त करा. लहानपणी मला वाटायचं की मोठ्यानं हसणं वाईट, असा त्याचा अर्थ. ते मला पटत नाही, आपला वर्ग तर खिडक्या हलतील असा हसायचा. मी आता हसण्याचा आवाज मोजत नाही. हसून झाल्यावर खोलीत कोण गप्प बसलं आहे, ते बघते.

आमच्या ऑफिसात आता निम्मं काम पडद्यावरच्या मीटिंगमध्ये चालतं. कुणी विनोद केला तर सगळ्यांचे आवाज बंद असतात. कोण हसलं, कोण दुखावलं, काही कळत नाही. कोपऱ्यात एक पिवळा चेहरा उमटतो आणि पुढचा मुद्दा सुरू होतो. आपला बॅचचा ग्रुप पण तसाच आहे. आपण चौसष्ट जण आहोत, त्यात सव्वीस मुली. रोज सकाळी सुविचार, आणि दुपारी बायकोवरचा एक विनोद. बायको खर्च करते, बायको बडबडते, बायको माहेरी गेली की नवरा नाचतो. मित्रांनो, मी वर्षभर बघितलं, त्या विनोदाखाली सव्वीसांतल्या एकीनंही हसरा चेहरा टाकलेला नाही. आपला काळ कसा होता हे उद्या कुणी त्या ग्रुपवरून शोधलं तर या बायका तेव्हा काय कमवत होत्या, कुणाची आजारपणं काढत होत्या, त्यांना काय कळेल? हे मी रागानं सांगत नाही. ‘वही’ची नक्कल करून डबा जिंकलेली बाई तुम्हाला सांगते आहे, एवढं धरा.

त्याच ग्रुपवर तोही आहे. त्याला सामील करून घेतल्यावर आठ महिने त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. हे भाषण ठरलं तेव्हा मी त्याला वेगळा निरोप पाठवला. लिहायला दोन रात्री लागल्या. गॅदरिंगचं सगळं लिहिलं, माफी मागितली, आणि हे सगळ्यांसमोर सांगू का असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मला वाटलं होतं, म्हणेल की मला आठवत पण नाही, सोड. तसं म्हणाला नाही. म्हणाला, ‘आठवतंय. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मी पण हसलो. सगळ्यात जास्त हसलो असेन. न हसून कुठं जाणार होतो?’

मला काही बोलता येईना. मग तोच बोलायला लागला. ‘पण एक तुला ठाऊक नाही. घरी गेल्यावर मी तुमच्या सगळ्यांच्या नकला करायचो. कानडीत. तू बाकावरून उठताना वेणी मागं टाकायचीस ती, मुख्याध्यापकांचं खाकरणं, सगळं. आई कांड्या भरता भरता हसून खाली बसायची. वडिलांना मागाच्या आवाजात ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून मी त्यांच्यासाठी नुसत्या हातवाऱ्यांनी करायचो. मागाच्या खात्यात तसंच बोलतात.’

म्हणजे आपल्या वर्गातला सगळ्यात चांगला नकलाकार आपल्याला कधी दिसलाच नाही. तो दुसऱ्या भाषेत होता.

आज त्याचे स्वतःचे माग आहेत. बिहारची, ओडिशाची पोरं कामाला आहेत. तो म्हणाला, ‘ती पोरं मराठी बोलायला लागली की बाकीचे हसतात. मी हसणाऱ्याला तिथंच थांबवतो. म्हणतो, आधी तू त्याच्या भाषेत एक वाक्य बोलून दाखव, मग हास. मग तो प्रयत्न करतो, आणि सगळेच हसतात. ते पोरगं पण हसतं.’

वीस वर्षं पुस्तकं वाचून मला जे नीट मांडता आलं नसतं, ते त्यानं फोनवर दोन वाक्यांत सांगितलं.

शेवटी मी विचारलं, ‘मग भाषणात सांगू ना?’ तो म्हणाला, ‘सांग. नाव घेऊ नको. आणि परत माझी नक्कल करू नको. तुला कानडी येत नव्हतं, त्यामुळं ती तेव्हाही नीट जमली नव्हती.’

म्हणून मी आज नक्कल केलेली नाही. त्याची माफी मात्र तुम्हा सगळ्यांसमोर मागते, कारण हसं पण सगळ्यांसमोरच केलं होतं.

आता जेवणाची वेळ झाली आहे. जेवणानंतर गाण्यांच्या भेंड्यांआधी दहा मिनिटं मोकळी आहेत, असं संयोजकांनी सांगितलं. ती दहा मिनिटं मी एका माणसासाठी मागून घेतली आहेत. त्यानं हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. तो उभा राहिला तर आपल्या सगळ्यांच्या नकला होतील, कानडीत किंवा नुसत्या हातवाऱ्यांनी. माझी वेणी आता राहिलेली नाही, तेवढं त्याला सांभाळून घ्यावं लागेल. कळलं नाही तर शेजाऱ्याला विचारा. पण पहिल्या रांगेत मला बसायचं आहे, ती खुर्ची कुणी घेऊ नका.